वाळूचा फिल्टर सगळंच अडवत नाही

वरती कोणीतरी लिहिलंय की सेप्टिक टँकचं पाणी किनाऱ्याच्या वाळूतून गाळून स्वच्छ होऊनच समुद्रात जातं, ते अर्धंच खरं आहे. भरतीला लाटा खारं पाणी वर चढवतात, ते वाळूत मुरतं आणि ओहोटीच्या रेषेकडे परत बाहेर पडतं, सेप्टिकचं पाणी मिसळलेलं जमिनीतलं गोडं पाणी मग त्या खाऱ्या पट्ट्याच्या खालून वाट काढतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वाकॉइट बे या खाडीच्या किनाऱ्यावर तर लोहाचा गंज वाळूच्या कणांवर बसून अक्षरशः पडदा तयार झालाय, सांडपाण्यातलं फॉस्फेट त्याला चिकटतं. पण त्याच पाण्यातलं नायट्रेट (नत्राचा क्षार) कुठलं चिकटतंय! त्याचं विघटन करणारे जिवाणू ऑक्सिजन जवळजवळ संपला तरच कामाला लागतात आणि लाटा नेमका ऑक्सिजनच आत ढकलत असतात, मग बरंचसं नायट्रेट जातं खाडीत आणि शेवाळ माजतं. तिथलं समुद्री गवत त्यातच गेलं.