मदत हवी आहे: तिसरीतला मुलगा घड्याळ वाचतो, पण "किती वेळ लागला?" इथे अडतो

पाटीपेन्सिल:
पूर्ण तास आणि साडे व्यवस्थित सांगतो. चुका ठरावीक ठिकाणी होतात:
१) ३:५० ला "चार पन्नास" म्हणतो.
२) पावणेपाच लिहायला सांगितलं की ५:४५ लिहितो.
३) २:४५ ला सुरू होऊन ४:१० ला संपलं तर किती वेळ? उत्तर १:६५. कधी २:३५, तर कधी १ तास ३० मिनिटं.
काट्यांचं खेळण्यातलं घड्याळ घरी आहे. सुरुवात कुठून करू?

काटकोन:
आधी ते खेळण्यातलं घड्याळ बाजूला ठेवा. त्यातले दोन्ही काटे सुटे फिरतात. मोठा काटा ६ वर नेला तरी छोटा ३ वरच बसून राहतो आणि मुलाला तेच साडेतीनचं चित्र वाटतं. खऱ्या घड्याळात तास काटा तासाला ३० अंश, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश सरकत असतो. ३:५० ला तो ४ ला जवळजवळ टेकलेला असतो, म्हणून मुलगा "चार" म्हणतो. तो जे दिसतं ते प्रामाणिकपणे वाचतोय.

उपाय म्हणजे एकाच काट्याचं घड्याळ. भिंतीवरचं जुनं, सेलचं घड्याळ घ्या, सेल काढा, पुढची काच काढा. सेकंद काटा सरळ वर ओढला की निघतो. काही घड्याळांत मधे बारीक नट असतो, तो सोडवून मिनिट काटा उचला. तास काटा राहू द्या. मागची चावी फिरवत विचारा: काटा कोणत्या दोन आकड्यांच्या मधे आहे? कोणता आकडा मागे पडला? मागे पडलेला आकडा म्हणजे वाजून गेलेला तास. "तीन वाजून गेले, चार व्हायला थोडंच राहिलंय" असं तो न अडखळता म्हणू लागेपर्यंत मिनिट काटा लावू नका.

परत लावताना चावी फिरवून तास काटा एखाद्या आकड्यावर नेमका आणा, मग मिनिट काटा नेमका १२ वर बसवा. इथे फरक राहिला तर तीन वाजताच तास काटा तिनाच्या पुढे दिसेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

वर्गशिक्षिका:
पावणेपाचचं दुखणं भाषेतलं आहे. सव्वा आणि साडे पुढे मोजतात, पावणे मागे खेचतं: पाचात पाव उणे. एकोणचाळीस म्हणजे चाळिसात एक कमी, हे त्याला येतं ना? तीच युक्ती इथे आहे, हे दाखवून द्या. "पाच वाजले का? अजून नाही. मग आधी ४ लिही" एवढा क्रम पुरतो.

अपवाद एकदा सलग म्हणून घ्या, कारण साडेएक, साडेदोन असं काही नसतं: साडेबारा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच. आणि "वाजला" व "तास" वेगळे ठेवा. पाऊण वाजला म्हणजे १२:४५, पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. दीड वाजला म्हणजे १:३०, दीड तास म्हणजे ९० मिनिटं. हा घोळ मनात राहिला तर पुढची शाब्दिक उदाहरणं हमखास चुकतात.

काटकोन:
+१. आता तिसरा मुद्दा. तुम्ही दिलेली तिन्ही उत्तरं तीन वेगळ्या चुका आहेत, त्यामुळे एकच औषध चालणार नाही. बरोबर उत्तर १ तास २५ मिनिटं.

१:६५ म्हणजे त्याने ४१० मधून २४५ वजा केले. हातचा ६० चा घ्यायचा तिथे १०० चा घेतला, म्हणून उत्तर बरोबर ४० ने जास्त आलं.
२:३५ म्हणजे मोठ्यातून लहान वजा केलं: ४५ मधून १०, ४ मधून २.
१ तास ३० म्हणजे पाच-पाच मोजताना ९ च्या आकड्यावरच "पाच" म्हटलं. तिथे "शून्य" म्हणून बोट ठेवायचं, "पाच" १० वर.

उभी वजाबाकी सध्या बंद करा. ६० सेंमी लांबीची कागदी पट्टी कापा, दर ५ सेंमीवर खूण करा. १ सेंमी म्हणजे १ मिनिट. टोकं क्लिपने जोडली की सुमारे १९ सेंमी व्यासाचं वर्तुळ होतं, तीच घड्याळाची कड. क्लिप काढली की संख्यारेषा. अशा तीन पट्ट्या एकापुढे एक ठेवून त्यांवर २, ३, ४ वाजता असं लिहा आणि उड्या मारायला लावा:
२:४५ ते ३:०० – १५ मिनिटं
३:०० ते ४:०० – १ तास
४:०० ते ४:१० – १० मिनिटं
पहिली उडी नेहमी पुढच्या पूर्ण तासापर्यंत. बेरीज शेवटी.

पाटीपेन्सिल:
पट्टी करते. ११:३५ ते १:२० सारख्या उदाहरणात "एकातून अकरा जात नाहीत" म्हणतो, तिथे?

काटकोन:
उड्याच. २५ मिनिटांनी १२, १ तासाने १, मग २० मिनिटं: पावणेदोन तास. रात्रीच्या गाडीचंही तसंच. १०:४० ला सुटून सकाळी ६:२५ ला पोचली, तर २० मिनिटं, १ तास, ६ तास, २५ मिनिटं, म्हणजे पावणेआठ तास. बाराला थांबणं मात्र सक्तीचं ठेवा.

वर्गशिक्षिका:
उलटं उदाहरणही द्या. ४:४० ला सुरू, ३५ मिनिटं लागली, कधी संपलं? बरीच मुलं ४:७५ लिहितात. ३५ चे २० आणि १५ करायला सांगा: २० ने पाच वाजतात, उरलेल्या १५ ने सव्वापाच.