मारिओ मिरांडांची चित्रं तुम्हाला कुठे भेटली?

व्यंगचित्रकार मारिओंनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. १९२६ साली दमणला जन्म, बालपण गोव्यात, लोटलीच्या वडिलोपार्जित घरात. भिंती रंगवतो म्हणून आईने वही आणून दिली आणि चित्रांची रोजनिशी सुरू झाली. पुढे मुंबईत झेवियर्समधून इतिहासाची पदवी, थोडे दिवस आर्किटेक्चर, जाहिरातींच्या स्टुडिओत नोकरी, मग 'इलस्ट्रेटेड वीकली' हे इंग्रजी साप्ताहिक. गुलबेंकियन शिष्यवृत्तीवर लिस्बन, तिथून लंडन आणि परत मुंबई. माझ्या मते त्यांची खरी शाळा म्हणजे ती रोजनिशीच. गावातली लग्नं, पाद्री, नाचगाणी, जे दिसेल ते काढायचं. मला ते बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकात भेटले. धडा संपायचा, चित्र बघून संपायचं नाही. तुमचेही अनुभव सविस्तर लिहा.

*

आम्ही फोंड्याकडचे. मारिओंचा गोवा सासष्टीतला, ख्रिस्ती घरांचा, तरी पोदेर म्हणजे पाववाला, मासळीवाली आणि बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या बाकांच्या ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणारी म्हातारी आमच्याही ओळखीची. आईला त्यांच्या चित्रांचं पुस्तक दाखवलं तर एकेका माणसावर बोट ठेवून ती गावातली नावं सांगत सुटली!

*

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. हात बसावा म्हणून त्यांच्या बाजाराच्या एका चित्राची नक्कल केली होती. गर्दी काढताना मागच्या रांगेला नुसती गोल डोकी काढून मोकळं व्हायची आपल्याला सवय. त्यांच्या मागच्या रांगेतही कुणी जांभई देतंय, कुणी दुसऱ्याच्या पिशवीत डोकावतंय. आणि एवढ्या दाटीत गोंधळ होत नाही तो कपड्यांमुळे. एकीच्या झग्यावर ठिपके, शेजारणीच्या साडीवर चौकडा, त्यामागे कोरा पांढरा शर्ट. काळ्या शाईचा हा हिशेब कळल्यावर माझ्या पानांवरची गिचमिड बरीच कमी झाली. कुलाब्याला कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर हे मोठ्या आकारात बघायला मिळतं. टेबल मिळालं की मी आधी भिंतीकडे तोंड करून बसते.

*

मला मारिओंच्या व्यंगचित्रांतल्या मिस फोन्सेका आणि मिस निंबूपाणी कधीच रुचल्या नाहीत. बाईचा बांधा हाच विनोद, हे आज वाचवत नाही. पण त्यांची परदेशातली रेखाटनं जरूर बघा. पॅरिसच्या त्या गल्ल्या, जुन्या इमारती. तिथे हसवायची घाई नाही, एकेक खिडकी सावकाश, मन लावून काढलेली. माझे मारिओ ते.