स्क्रंपिंग : चोरलेली सफरचंदं की पडलेली?

कुंपणावरचा
इंग्लंडात पोरं दुसऱ्याच्या बागेत घुसून सफरचंदं पळवतात त्याला 'स्क्रंपिंग' म्हणतात. ब्रिटनबाहेर हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. २०२५ साली तो 'बायोसायन्स' या नियतकालिकातल्या एका निबंधात अवतरला. लेखकांत अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे नॅथॅनिएल डॉमिनी आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या कॅथरीन होबेटर आहेत. चिंपांझी, गोरिला जमिनीवर पडलेली, आंबू लागलेली फळं खातात. या सवयीला वेगळं नाव नव्हतं, म्हणून यांनी 'स्क्रंपिंग' सुचवलं.

मला हे अजिबात पटलेलं नाही. चोरीला मालक लागतो. आफ्रिकेच्या जंगलात गोरिला कोणाची बाग लुटतोय? उद्या हा शब्द म्हणजे माकडांचं खाणं असंच लोक समजतील.

कोशकिडा
आधी एक : चिंपांझी माकड नाही.

आता शब्दाबद्दल. बोलीत 'स्क्रंप' म्हणजे सुकलेलं, सुरकुतलेलं सफरचंद. निबंधाचे लेखकही 'आकसलेला' अशा अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दाकडे बोट दाखवतात. चोरी मागाहून चिकटली. इंग्लंडातल्या सॉमरसेट-डेव्हनकडच्या रांगड्या सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या दारूला, 'स्क्रंपी' म्हणतात, त्यात कुठली आलीय चोरी? सफरचंद आणि दारू, दोन्ही या शब्दाच्या कुटुंबातच आहेत. याहून चपखल शब्द शोधून दाखवा.

कुंपणावरचा
मूळ काय होतं त्यावर आजचा अर्थ ठरत नाही. 'कॉस्टर्ड' ही इंग्लंडातली जुनी, मोठ्या सफरचंदाची जात. ती विकणारा तो कॉस्टरमंगर. पुढे लंडनमध्ये हातगाडीवर कुठलीही भाजी-फळं विकणाऱ्याला तेच नाव पडलं. त्याला कोणी विचारलं का, की बाबा रे, तुझी कॉस्टर्ड कुठे? लोक जो वापरतात तो अर्थ खरा.

कोशकिडा
हा दाखला तर माझ्या बाजूचा झाला. कॉस्टरमंगर सफरचंदातून सुटू शकतो, तर स्क्रंपिंग चोरीतून का नाही?

हेरफर्डकर
सायडरच्या मुलखात राहते म्हणून लिहिते. इकडे स्क्रंपिंगला कोणी मनापासून चोरी म्हणत नाही, लहानपणीच्या उचापतींत ते जमा असतं. कायदा मात्र वेगळं सांगतो. १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात रानात आपसूक आलेली फळं तोडायला सूट आहे, ती विकायचा हेतू नसेल तर. लावलेल्या बागेतलं सफरचंद त्या सवलतीत बसत नाही.

आणि पडलेल्या फळांसाठी इथे साधा, रोजचा शब्द आहे : 'विंडफॉल'. शरद ऋतूत लोक फाटकाबाहेर विंडफॉलची खोकी ठेवतात, न्या म्हणून. हा शब्द असताना शास्त्रज्ञांना आडवाटेला जायची काय गरज होती, हे मलाही कळलं नाही.

कुंपणावरचा
धन्यवाद ताई! हेच.

जंगलवाचक
ताई, विंडफॉल हे फळाचं नाव झालं. खाणाऱ्याच्या कृतीला क्रियापद हवं होतं. हा हट्ट कशासाठी तेही पाहा. निरीक्षणांच्या नोंदीत 'फळ खाल्लं' एवढंच असे. झाडावरचं की खाली पडून आंबलेलं, हा फरक सहज हरवायचा. तो वेगळा काढल्यावर दिसलं की आफ्रिकेतले चिंपांझी-गोरिला हे नेहमी करतात आणि ओरांगउटान जवळपास करतच नाहीत. आधीच्या जनुकीय अभ्यासातून ठाऊक होतं की माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजात सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी एक बदल झाला आणि मद्यार्क पचवण्याची एका विकराची (एन्झाइमची) क्षमता ४० पट वाढली. ओरांगउटानची शाखा त्याआधीच फुटलेली. दोन्ही गोष्टी एकमेकींना जुळतात की नाही? चिंपांझी दिवसाला साडेचार किलोच्या आसपास फळं खातो, त्यामुळे प्रत्येक फळात मद्यार्क थोडा असला तरी बेरीज होतेच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट डडली २००० सालापासून असंच काही मांडत होते. नाव दिल्यामुळे आता ते मोजता येईल.

टोपलीवाला
आमच्या गडचिरोलीकडे मोहफुलं पहाटे खालूनच वेचतात. अस्वलंही खातात, आम्हीही. माणसाला आणि अस्वलाला क्रियापद वेगळं लागत नाही.

कोशकिडा
पण 'वेचणं' म्हटलं की आंबलेपणा येत नाही ना.

टोपलीवाला
ते तुम्ही दुसऱ्या दिवशी या, मग सांगतो.

कुंपणावरचा
४० पट वगैरे सगळं मान्य, संशोधन उत्तम आहे. पण हा शब्द ऐकून ब्रिटिश वाचक गालात हसतो, ते सुरकुतलेल्या सफरचंदामुळे नाही. त्याला कुंपणावरून उडी मारणारं पोर दिसतं. लेखकांना ते हसू हवंय आणि चोरी नकोय. असं कसं चालेल?

जंगलवाचक
चाललंय की. 'पतित-किण्वित-फलभक्षण' म्हटलं असतं तर तुम्ही धागा काढला असता का?