हॉरर ट्रेलर पाहून पोट्टे हसतात, दचकत नाहीत. कुठे चुकते?

जागल्या_यवतमाळ
नमस्कार मंडळी. ४० मिनिटांची भयपट शॉर्टफिल्म तयार आहे, यूट्यूबवर टाकायची आहे. गोष्ट एवढीच: तुरीच्या वावरात एक माणूस रात्री जागलीला बसला आहे. रानडुकरं हाकलायला तो मचाणावरून पत्र्याचा डबा वाजवतो आणि पलीकडच्या धुऱ्यावरून (बांधावरून) तसाच डबा वाजून उत्तर येते. त्या बाजूला कोणाचेच वावर नाही.

ट्रेलर २ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. सात जंप स्केअर (अचानक दचकवणारे झटके), मागे सतत जड ड्रोन (एकसारखा घुमणारा खालचा सूर), आणि १ मिनिट १० सेकंदांवर हडळीचा चेहरा पूर्ण दिसतो. लॅपटॉपवर हेडफोन लावून ठीक वाटते, मोबाईलवर पाहणारे हसतात. सात स्केअर जास्त होतात का कमी? चेहरा ठेवावा का? मोबाईलवर आवाज मरतो काऊन? आणि ट्रेलर पाहणारा माणूस फिल्मपर्यंत यावा म्हणून काय करा लागते? आमचे बहुतेक प्रेक्षक मोबाईलवरचे, तेही घरात चारचौघांत बसून पाहणारे.

कात्री_वर्धा
भाऊ, तुमच्या हाती डबा आहे आणि तुम्ही हडळ विकून राहिले. चेहरा आधी काढा. पूर्ण उजेडात चेहरा दिसला की पाहणारा भ्यायचे सोडून रंगरंगोटी तपासायला लागतो, विग कुठे चिकटवला ते पाहतो. हसू तिथूनच येते. ताण तर चढवलेला असतो, पण समोर आलेली वस्तू त्या ताणाच्या तोलाची नसते, मग तो ताण हसण्यातून बाहेर पडतो.

सातचे दोन स्केअर करा. दचकणे ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पापण्या मिटतात, खांदे वर जातात. पण हेच पाठोपाठ केले की शरीराला सवय होते. तिसऱ्या झटक्याला माणूस तयार असतो, पाचव्याला तो मोजायला लागतो. शिवाय दचकणे आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दचकणे अर्ध्या सेकंदात संपते. भीती त्याआधीच्या वाट पाहण्यात असते आणि ट्रेलरचे काम ती वाट लांबवणे हे आहे.

आता डब्याकडे या. माणूस तीन ठोके देतो. दोन सेकंद काहीच नाही. मग लांबून तीन ठोके. ट्रेलरच्या पहिल्या पाच सेकंदांत हेच ठेवा, कारण जाहिरात म्हणून लावली तर पाच सेकंदांनी स्किपचे बटन येते. नाव, लोगो, 'सादर करीत आहोत' हे सगळे मागे ढकला. मग २० सेकंद जागा आणि माणूस: डोक्याएवढी तूर, मचाण, बॅटरी. एखादा म्हातारा एकच वाक्य बोलू द्या: 'उत्तर आलं तर पुन्हा वाजवू नोको.' हा नियम फार कामाचा आहे. नियम कळला की तो मोडला जाणार हेही पाहणाऱ्याला कळते, आणि पुढची भीती तो स्वतःच तयार करतो.

मग तो पुन्हा वाजवतो. ठोके तीन. उत्तर येते चार.

इथे संगीत लावू नका. चेहऱ्यावर तीन सेकंद थांबा. बॅटरीचा झोत तुरीच्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे जाऊ द्या. झोत टोकाला पोचला की काहीतरी येणार असे पाहणाऱ्याला वाटते, तिथे काहीच येऊ देऊ नका. झोत परत फिरतो, दीड सेकंद स्थिर राहतो आणि विझतो. खरा झटका तिथे, माणसाने रोखलेला श्वास सोडल्यावर.

शेवटच्या १५ सेकंदांत शॉट छोटे करत न्या: २ सेकंद, १ सेकंद, १२ फ्रेम, ८ फ्रेम. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर १ फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ८ फ्रेमच्या खाली गेले की छोट्या स्क्रीनवर काय दिसले तेच कळत नाही. मग सव्वा सेकंद काळा पडदा, झटका, नाव. झटक्याचा आवाज आणि चित्र एकाच फ्रेमवर बसले पाहिजेत. आवाज दोन-तीन फ्रेम मागे पडला तरी जोर जातो. नावानंतर ४ सेकंदांचा एक शांत शॉट: दिवसाउजेडी मचाणाला टांगलेला डबा, जवळ कोणी नाही, आणि एक ठोका. एकूण लांबी ७५ ते ९० सेकंद.

आवाजघर
वरच्या मांडणीशी सहमत. मोबाईलवर आवाज मरण्याचे कारण सरळ आहे. फोनचा बारका स्पीकर साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली जवळपास काही वाजवतच नाही. तुमचा ड्रोन बहुधा ४० ते ८० हर्ट्झचा असेल. हेडफोनमध्ये छातीत घुमतो, फोनवर गायब. म्हणजे पाहणाऱ्यांनी तुमचा अर्धा ट्रेलर मुका पाहिला.

ड्रोन ठेवायचाच असेल तर त्याची एक प्रत काढा, तिच्यावर सॅच्युरेशन (आवाज थोडा फाटका करणारा इफेक्ट) लावा म्हणजे वरचे स्वर तयार होतात, मग ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून ती प्रत मूळ आवाजाखाली हळूच मिसळा. माझे मत विचाराल तर ड्रोन पूर्ण काढा. तुमच्या वावरातले रातकिडे त्याहून भारी आहेत. जागलीच्याच वेळी, त्याच धुऱ्यावर सलग ३ मिनिटं नुसते रातकिडे रेकॉर्ड करा. चार ठोक्यांच्या उत्तरानंतर ते एकदम बंद करा. रातकिडे गप्प झाले म्हणजे जवळ कोणीतरी आले, हे खेड्यातल्या माणसाला सांगा लागत नाही. फक्त आवाज शून्यावर नेऊ नका. पूर्ण शून्य झाले की फोनवाल्याला नेट अडकले असे वाटते आणि तो स्क्रीनला बोट लावतो. हवेचा, पानांचा बारीक थर राहू द्या.

लांबच्या डब्यावर हॉलचा रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) लावला असेल तर आजच काढा. उघड्या वावरात भिंती नसतात, आवाज घुमत नाही, विरतो. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या आणि खरेच ७० मीटरवरून वाजवून रेकॉर्ड करा. दुरून येताना वरचे, कडक स्वर आधी कमी होतात. तो बोथटपणा प्लगइनने नीट जमत नाही. आणि धुऱ्यापलीकडे हललेला हात एखाद्या शॉटमध्ये दिसत असेल तर आवाज ५ फ्रेम उशिरा टाका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, ७० मीटरला पाचवा हिस्सा सेकंद लागतो. कान हे पकडतो, माणसाला कारण सांगता येत नाही एवढेच.

लाऊडनेसचा घोळही समजून घ्या. यूट्यूब मोठ्या आवाजाचा व्हिडिओ साधारण −१४ एलयूएफएसपर्यंत (हे सरासरी लाऊडनेस मोजायचे एकक) खाली आणते. तुम्ही सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत ठासून भरले तर सगळेच खाली येते, झटका बाकीच्याच पातळीला बसतो. सरासरी पूर्ण ट्रेलरची धरली जाते, म्हणून शांत भाग खरेच शांत ठेवला तर झटक्याला वर जागा मिळते. झटका शांत थरापेक्षा १५ ते १८ डीबी (डेसिबल) वर, ट्रू पीक म्हणजे आवाजाचे सगळ्यात वरचे टोक −१ डीबी. याहून जास्त फरक ठेवला तर पंख्याच्या आवाजात शांत भाग ऐकूच येणार नाही.

झटक्यासाठी 'धडाम' नको, त्याचे वजन सगळे खाली असते. २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये कान सगळ्यात तिखट असतो, पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज तिथेच बसतो. किंकाळी अंगावर का येते, तर तिचा आवाज सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरतो, खरखरीत होतो. गुळगुळीत, सुरेल किंकाळी कोणालाच लागत नाही.

रानवारा_भंडारा
चित्राचे कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. रात्रीचे शॉट तुम्ही मॉनिटरवर पाहून काळे केले असतील. कॉम्प्रेशनमध्ये काळ्या भागाचे चौकोनी ठोकळे होतात आणि ब्राइटनेस कमी ठेवलेल्या फोनवर तिथे नुसती काळी पाटी दिसते. वेव्हफॉर्मवर (चित्राचा उजेड दाखवणाऱ्या आलेखावर) चेहरा ३० ते ४० टक्क्यांवर ठेवा, मागची तूर ५ ते १० वर, आणि थोडा ग्रेन (बारीक दाणे) टाका म्हणजे छटांचे पट्टे कमी पडतात. फाईल १०८० ची असली तरी १४४० ला मोठी करून अपलोड करा, यूट्यूब तिला चांगला कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) देते. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नका पाठवू, लिंक पाठवा. तिथे दाबून गेलेल्या व्हिडिओत रात्र उरत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, भाऊ. ट्रेलरवर 'सत्य घटनेवर आधारित' लिहायचा मोह होतो. खऱ्या गावाचे किंवा शिवाराचे नाव घेऊन असे काही लिहू नका. आपल्याकडे अशी पाटी फिरते आणि बोट शेवटी एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे जाते. एखाद्यावर करणी-जादूटोण्याचा आळ घेणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. तुमच्या गोष्टीला हडळीची गरजही नाही. पलीकडे कोण वाजवते हे न कळणे पुरेसे आहे.

पुढेमागे टॉकीजमध्ये लावायचा विचार असेल तर ट्रेलरलाही सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. आता यूए मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. यूट्यूबसाठी ते लागत नाही.

जागल्या_यवतमाळ
ड्रोन ६० हर्ट्झचाच निघाला. रिव्हर्बही लावला होता, काढतो. पण एक शंका आहे. चेहरा काढला तर यात भूत आहे हे पाहणाऱ्याला कळणार कसे? आमच्याकडचा प्रेक्षक झाडीपट्टीची नाटकं पाहणारा आहे, त्याला समोर काहीतरी दिसा लागते.

कात्री_वर्धा
झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते. भूत मंचावर येईपर्यंत नटाने तासभर हवा तयार केलेली असते. तुमच्याकडे ९० सेकंद आहेत, तेवढी हवा तयार होत नाही. म्हणून भूत नाही, भ्यालेला माणूस दाखवा. २००९ साली 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या ट्रेलरमध्ये थिएटरात बसलेले, दचकणारे प्रेक्षकच नाइट व्हिजन कॅमेऱ्यावर दाखवले होते. भीती चेहऱ्यावरून चेहऱ्यावर जाते, चारचौघांत बसून पाहताना तर जास्तच. जागल्याचा घसा कोरडा पडतो, डबा धरलेल्या हाताची बोटं आवळतात, हे जवळून घ्या.

अगदीच काही दाखवायचे तर हात दाखवा. तुरीच्या दोन ओळींमधून आलेला, डब्यावर पालथा ठेवलेला हात, १० फ्रेम, कडेने उजेड. हात कोणाचा हे उघडे ठेवा. लोक थांबवून, मागे नेऊन पाहतात, एकमेकांना विचारतात, आणि तेच विचारत फिल्मच्या लिंकवर जातात. म्हणून फिल्मची लिंक वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ठेवा, आणि कमेंटमध्येही पिन करा.

आवाजघर
टाकण्याआधी एक चाचणी करा. ज्यांनी आधी काही पाहिले नाही असे पाच जण बसवा. साधा फोन, आवाज निम्मा, पंखा सुरू. तुम्ही स्क्रीनकडे नका पाहू, त्यांच्याकडे पाहा आणि कोण कोणत्या सेकंदाला हलले ते लिहून ठेवा. कोणी बोलायला लागला किंवा दुसरीकडे पाहायला लागला तर त्याआधीचे तीन सेकंद कापा. संपल्यावर 'भीती वाटली का' विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. दुसऱ्यांदा उत्तर आले तेव्हा ठोके किती होते, ते विचारा. पाचपैकी तिघांनी तीन सांगितले तर चौथा ठोका त्यांना लागलाच नाही. त्याच्या आधीचे अंतर ५-६ फ्रेमनी वाढवा आणि तो एकटा ३ डीबी वर घ्या.