दक्षिण बेट आणि छोटी कॅम्परव्हॅन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दोघांना छोटी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी पुरते, हे अगदी खरं. पण ‘तळ्याकाठी कुठेही मुक्काम करता येतो’ असं सांगितलं जातं, त्यावर कृपया विसंबू नका. 2023 च्या कायद्यानुसार बहुतेक फुकट जागी ‘सेल्फ-कंटेन्ड’ (शौचालय, पाणी वगैरे सोय आतच असलेली) असं प्रमाणपत्र मिळालेली गाडीच चालते. शौचालय गाडीत पक्कं बसवलेलं हवं आणि बिछाना पसरलेला असतानाही वापरता यायला हवं. छोट्या व्हॅनचं घोडं नेमकं इथेच अडतं, म्हणून बुकिंगआधी खात्री कराच. प्रमाणपत्र नसेल तर निसर्ग संवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या (DOC) कॅम्पसाइट आहेतच. सोयी साध्या, पण जागा काय सुंदर!

‘ते अनाऊ’ या गावापासून मिलफर्ड साउंड या खाडीपर्यंतचा सुमारे 120 किमीचा रस्ता मुळीच घाईत उरकू नका. होमर बोगद्याच्या तोंडाशी गाड्या थांबल्या की केआ पोपट थेट टपावर उतरतात. अंग शेवाळी हिरवं, पंख उघडले की आत झगझगीत केशरी. खिडकीचं रबर चोचीने उचकटतात, तरी खायला अजिबात देऊ नका. हा पक्षी धोक्यात आहे. आणि मिलफर्डला सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या फार चावतात, दार उगाच उघडं ठेवू नका.