शाळेच्या परिपाठातील इंग्रजी ख्रिस्ती गीते मुळात कोणासाठी लिहिली गेली?

प्रश्न

माझे शालेय शिक्षण पुण्यातील एका मिशनरी शाळेत झाले. तेथे सकाळच्या असेंब्लीत ‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल’, ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ आणि ‘लॉर्ड ऑफ द डान्स’ ही गीते आलटूनपालटून म्हटली जात. वर्गातील बहुसंख्य मुले ख्रिस्ती नव्हती, तरीही गीते सर्वांना पाठ होती. ही गीते चर्चमधील उपासनेतून शाळेत आली, की प्रथमपासून मुलांसाठीच लिहिली गेली? ती खरोखर कितपत जुनी आहेत? मराठीत अशा गीतांची स्वतंत्र परंपरा आहे काय, हेही कोणी सांगितल्यास आभारी होईन.

प्रतिसाद १

आपण उल्लेखिलेल्या तीन गीतांपैकी एकाचेच शब्द शंभर वर्षांहून जुने आहेत. ‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल’ हे सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या आयर्लंडमधील कवयित्रीने लिहिले व ते १८४८ मध्ये लहान मुलांसाठीच्या तिच्या गीतसंग्रहात प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती मतांगीकारातील, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीतील, एकेक वाक्य मुलांना समजावे या हेतूने तिने त्या संग्रहातील अनेक गीते रचली आणि हे गीत ‘आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता’ या शब्दांसाठी आहे. त्यात धनिक आपल्या वाड्यात आणि गरीब त्याच्या दाराशी, ही व्यवस्था देवानेच लावून दिली आहे अशा अर्थाचे एक कडवे होते. नंतरच्या बहुतेक पुस्तकांतून ते गाळले गेले व ते योग्यच झाले, असे मला वाटते.

‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ १९३१ चे आहे. स्कॉटलंडमधील ‘बनेसन’ नावाची एक लोकचाल एका गीतसंग्रहाच्या संपादकांना आपल्या पुस्तकात हवी होती, म्हणून त्यांनी एलिनॉर फार्जन या बालसाहित्यिकेकडून त्या चालीवर नवे शब्द लिहून घेतले. १९७१ मध्ये कॅट स्टीव्हन्स या गायकाने ते ध्वनिमुद्रित केल्यावर ते जगभर पोहोचले.

‘लॉर्ड ऑफ द डान्स’ तर १९६३ चे. सिडनी कार्टर यांनी त्यासाठी अमेरिकेतील शेकर पंथाची १८४८ मधील एक चाल घेतली. नाचणाऱ्या ख्रिस्ताची ही कल्पना सुचण्यात आपल्या टेबलावरील नटराजाच्या मूर्तीचाही वाटा होता, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ख्रिस्ती नसलेली मुले ते गीत म्हणत होती याचे नवल वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

प्रतिसाद २

वरील माहितीला एक जोड द्यावीशी वाटते. ही गीते ‘शाळेची गीते’ म्हणून रुजली त्याचे मोठे कारण ब्रिटनमधील कायद्यात आहे. इंग्लंड व वेल्ससाठीच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेच्या दिवसाचा आरंभ सामूहिक उपासनेने करणे बंधनकारक केले, आणि पालकांना आपले मूल त्यातून वगळण्याचा अधिकारही दिला. रोज सकाळी सर्व वयांच्या व निरनिराळ्या पंथांच्या मुलांकडून एकत्र म्हणवून घ्यावयाचे, तर वधस्तंभ, पापक्षमा आणि तारण यांविषयीची गंभीर गीते फार काळ चालत नाहीत. त्यापेक्षा सकाळ, पाखरे, पीक आणि कृतज्ञता यांची गीते सोयीची पडतात. १९७८ मध्ये बीबीसीने शाळांसाठी ‘कम अँड प्रेज’ हे गीतपुस्तक काढले, त्यातही असाच कल दिसतो.

आपल्याकडे कायद्याची बाजू उलट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य वा अनुदानित संस्थेतील विद्यार्थ्याला त्याच्या, तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. मिशनरी शाळांत सृष्टीच्या स्तुतीची गीते टिकून राहिली आणि सिद्धान्तप्रधान गीते मागे पडली, यामागे ही तरतूद जितकी आहे तितकाच शिक्षकांचा व्यवहारी विवेकही असावा. साने गुरुजींची ‘खरा तो एकचि धर्म’ ही प्रार्थना मराठी शाळांच्या परिपाठात ज्या कारणाने सर्वांना चालते, त्याच जातीचे हे कारण आहे.

प्रतिसाद ३

मराठी परंपरेविषयी. ती आहे, आणि समृद्ध आहे, पण ती शाळेपेक्षा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधिक जगली. तिचे सर्वांत मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला व पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचा ऊर भरून येत नाही, हे जाणून त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन हे आपले प्रकार ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. मराठी चर्चमधून वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची कितीतरी पदे आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ती क्वचितच पोहोचली, याचे वाईट वाटते. ज्या मुलांना तुकोबांचा अभंग मराठीच्या तासाला भेटत होता, त्यांना टिळकांचे पद परके वाटले नसते.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्नकर्त्यांस एक विचारावयाचे आहे. आपल्या शाळेत ‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल’ कोणत्या चालीवर म्हणत असत? त्याच्या दोन चाली प्रसिद्ध आहेत. एक विल्यम हेन्री मंक यांची, एकोणिसाव्या शतकातील. दुसरी ‘रॉयल ओक’ ही सतराव्या शतकातील इंग्रजी लोकचाल, जी मार्टिन शॉ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या गीतासाठी बसवली. इंग्रजी गीतपुस्तकांत शब्दांना एक नाव आणि चालीला दुसरे असते, त्यामुळे यूट्यूबवर गीताच्या पहिल्या ओळीऐवजी चालीचे नाव घालून शोधल्यास शाळेत ऐकलेली चाल लवकर सापडते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. दोन्ही चाली ऐकल्या; आमच्याकडे मंक यांचीच होती. टिळकांची पदे कोणी पेटी-तबल्यावर गायलेली उपलब्ध असल्यास कृपया दुवा द्यावा.