मदत हवी आहे: साइटवरच्या बाईची तक्रार नेमकी कुठे द्यायची?

काटोल रोडकडच्या एका रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. खडी टाकणाऱ्या 14 बाया, बहुतेक छिंदवाड्याकडच्या. टँकरमागे साडीचा आडोसा करून आंघोळ करतात. तिथेच टँकरवाला एकीच्या मागे लागला. दीड महिना झाला. ठेकेदाराला दोनदा सांगितलं, त्याने एक दिवा लावून दिला (तोही डांबर प्लांटकडे तोंड करून!). हजेरी फक्त मुकादमाच्या वहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ठेक्यावरचे मजूरही येतात, तक्रारीची मुदत 3 महिने, एवढं वाचलंय. तिला लिहिता येत नाही, काम जायची भीती आहे, पोलिसांत सध्या नको म्हणते. मग अर्ज मुख्य कंपनीच्या अंतर्गत समितीकडे द्यायचा, की कलेक्टर ऑफिसच्या स्थानिक समितीकडे? आणि मी लिहून तिचा अंगठा घेतला तर चालेल का?